ॲव्हलॉनची वसाहत आणि आमच्या मंडळाची मते



गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचक मंडळात आम्ही एक विज्ञानकादंबरी सांगायला घेतली. 'वाचायला' न म्हणता 'सांगायला' म्हणतो, कारण पुस्तके इंग्रजीत, मंडळातल्या निम्म्या लोकांचे इंग्रजी कामापुरते, आणि सोबत येणाऱ्या नातवंडांना मराठी समजते पण वाचता येत नाही. तेव्हा आम्ही दर बुधवारी दोन-तीन प्रकरणे घरी वाचून जायचो आणि तिथे चहाबरोबर मराठीत सांगायचो. आमच्या लहानपणी वडीलमंडळी योसेफाचे, मोशेचे कीर्तन ऐकायला जात, त्यातलाच हा प्रकार. फक्त पेटी नि टाळ नव्हते, आणि कीर्तनकाराला मध्येच थांबवून भांडायची मुभा होती. ती मुभा सर्वांनी पुरेपूर वापरली. त्या भांडणातली मते आणि त्यावर आमचे मत असे या लेखाचे स्वरूप आहे.

मालिकेचा पहिला भाग 'द लेगसी ऑफ हिओरोट' 1987 साली निघाला. लेखक तिघे: लॅरी निव्हन, जेरी पुर्नेल आणि स्टीव्हन बार्न्स. दुसरा भाग 'बेवुल्फ्स चिल्ड्रन' 1995 चा. मधल्या काळातली एक छोटी कादंबरी 2012 मध्ये आली आणि 'स्टारबॉर्न अँड गॉडसन्स' हा मोठा भाग 2020 मध्ये, पुर्नेल 2017 साली वारल्यानंतर. म्हणजे पहिल्या पुस्तकापासून या पुस्तकापर्यंत तेहतीस वर्षे! ज्याने पहिला भाग तरुणपणी वाचला तो इथवर येईपर्यंत पेन्शनीच्या वयाला टेकला.

गोष्ट थोडक्यात अशी. टाऊ सेटी नावाचा तारा आपल्यापासून सुमारे बारा प्रकाशवर्षांवर, तिमिंगल तारकासमूहात आहे. तारा खरा आहे, आपल्या सूर्यासारखाच, जरा लहान. त्याच्याभोवतीच्या एका ग्रहावर, ॲव्हलॉनवर, सुमारे दोनशे माणसे शंभर वर्षांचा प्रवास शीतनिद्रेत करून उतरतात आणि कॅमेलॉट नावाच्या बेटावर शेती करू लागतात. सगळे निवडून काढलेले, कुणी जीवशास्त्रज्ञ, कुणी अभियंता, कुणी शेतीतज्ज्ञ. (आम्ही गणित शिकवत होतो, तेव्हा राहवले नाही: बारा प्रकाशवर्षे शंभर वर्षांत, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा साधारण आठवा हिस्सा. आणि तिथून पृथ्वीवर निरोप धाडला तर उत्तर यायला चोवीस वर्षे. मुंबईचा एरोग्राम तीन आठवडे लागले तरी आमच्या आईचा जीव वरखाली व्हायचा.)

बेटावर सारे आलबेल. हवा छान, पीक उत्तम, नदीत सॅमलन नावाचे माशांसारखे प्राणी हवे तितके. एकटा कॅडमन वेलँड नावाचा जुना सैनिक कुंपण घाला, पहारा ठेवा म्हणून मागे लागलेला, आणि बाकीचे त्याला हसतात. मग जनावरे नाहीशी होऊ लागतात, आणि हे त्यानेच घडवून आणले असावे असा लोकांना संशय येतो. पुढे कळते की नदीत एक श्वापद आहे. त्याच्या रक्तात प्राणवायूने भरलेले एक द्रव्य एकदम सुटते, त्या जोरावर ते क्षणभर मोटारीसारखे धावते, आणि नंतर अंग इतके तापते की पाण्यात शिरल्यावाचून गत्यंतर नाही. बेवुल्फ नावाच्या जुन्या इंग्रजी काव्यात हिओरोट हा राजवाडा आणि त्यावर रात्री चालून येणारा ग्रेंडेल राक्षस आहे, म्हणून या प्राण्यालाही नाव ग्रेंडेल.

माणसे शेवटी ग्रेंडेलना मारतात. बेट मोकळे झाले म्हणून आनंद करतात. आणि इथे त्या कादंबरीचा खरा डाव उघडा पडतो. सॅमलन हे ग्रेंडेलचेच पोर आहे. मोठे ग्रेंडेल आपलीच पिल्ले खाऊन जगतात. पिल्ले पाण्यातले शेवाळ खातात, जे मोठ्यांना पचत नाही. मोठे होते तोवर पिल्लांची संख्या आटोक्यात होती. मोठे मेले, आता हजारो पिल्लांना ग्रेंडेल व्हायला रान मोकळे. हा जीवनक्रम लेखकांना जॅक कोहेन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने सुचवला आणि त्याने तो घेतला आफ्रिकेतल्या एका बेडकावरून. विज्ञानकथेत विज्ञान कसे असावे याचा हा नमुना आहे. नाहीतर पुष्कळ ठिकाणी यान नि किरणांच्या बंदुका काढून टाकल्या तर खाली साधी मारामारीच उरते. आम्ही शाळेत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचत वाढलो आणि पुढे जयंत नारळीकरांच्या कथा मागवून वाचल्या. तिथेही आम्हाला आवडायचे ते हेच, की विज्ञानाचा धागा ओढला तर सगळी गोष्ट उसवली पाहिजे.

आता मते. सॅमलनचे कालवण होते असे आम्ही सांगितले त्या दिवशी मंडळातल्या सर्वांत वयस्कर बाईंनी, मूळच्या पेण तालुक्यातल्या, विचारले, "त्या माशाला खवले नि पर होते का?" सगळे हसले. पोरे तर खुर्चीवरून पडायची राहिली. आम्हीही हसलो, आणि घरी गेल्यावर लाजलो. कारण दोनशे शास्त्रज्ञांपैकी एकाने जरी तो प्रश्न नीट विचारला असता, हा प्राणी खरोखर मासा आहे का, काय खातो, मोठा झाल्यावर कुठे जातो, तर वसाहत वाचली असती. कोकणात आमच्या पूर्वजांपाशी ना पोथी उरली होती ना भाषा. पण ताटात पडलेल्या माशाला खवले आहेत का हे ते पाहत राहिले, आणि पुष्कळसे त्यावरच टिकले. पुस्तकातल्या विद्वानांनी चव पाहिली आणि ताट वाढून घेतले. पहिल्या भागावर इतकी नेमकी टीका आम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही.

दुसरे मत अश्दोद बंदरात तीस वर्षे क्रेन चालवलेल्या एका गृहस्थांचे. त्यांना कॅडमन फार आवडला. "पहारा नको म्हणणारे पहाऱ्याच्या आत बसूनच बोलतात," असे ते म्हणाले, आणि इथे राहणाऱ्या माणसाला हे मत कुठून येते हे सांगायला नको. इंग्रजी वाचकांतही या मालिकेचे दोन तट याच ठिकाणी पडतात. एका तटाला कॅडमन हा संकटकाळी लागणारा माणूस वाटतो. दुसरा म्हणतो, लेखकांनी बाकी सगळ्यांना मुद्दाम बावळट केले म्हणून कॅडमन शहाणा दिसतो. आम्ही दुसऱ्या तटात. बुद्धिबळात समोरच्याचा वजीर आधीच काढून ठेवला तर जिंकणाऱ्याचे कौतुक कसले? शांततेची बाजू घेणारा एकही माणूस या पुस्तकात नीट वाद घालत नाही. सगळे नुसते तोंड वेंगाडतात, मग ग्रेंडेल येतो आणि वाद तिथेच संपतो.

बायकांचे मत याहून कडक होते. पुस्तकात दोन मुख्य स्त्रिया, सिल्व्हिया आणि मेरी ॲन. सिल्व्हिया जीवशास्त्रज्ञ, हुशार, पण पुढे दोघींचीही गाडी कॅडमनच्याच घरात येऊन थांबते. "याकोबाची तरी फसवणूक झाली होती, याची काय अडचण?" असे एकीने विचारले आणि तो बुधवार संपला. आम्हाला बचाव सुचला नाही. अजूनही सुचलेला नाही. तिघा पुरुषांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात एकालाही हे खटकू नये याचे नवल वाटते.

पण मेरी ॲनबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण मालिकेतली सर्वांत खरी गोष्ट तिच्यापाशी आहे, आणि वाचकांच्या चर्चेत ती फार कमी येते. शंभर वर्षांच्या शीतनिद्रेने सगळ्यांना सुखरूप आणले नाही. मेंदूत बर्फाचे बारीक कण झाले आणि प्रत्येकाचे काही ना काही गेले. अर्न्स्ट नावाचा नामांकित शास्त्रज्ञ लहान मुलासारखा होऊन उठला. ते सर्वांना दिसते. पण मेरी ॲनचे थोडेच गेले आहे, आणि थोडे गेलेल्याची पंचाईत अशी की काय गेले हे तिचे तिलाच कळते. पूर्वी जे शास्त्र येत होते ते आता बोटांतून निसटते. चारचौघांत ती ते झाकते, बोलणे दुसरीकडे वळवते.

हे आम्ही सांगत होतो तेव्हा खोलीत कोणी चहाचा कप हलवला नाही. आमच्या पिढीने हे वडिलांच्या तोंडावर पाहिले आहे. मुंबईला ज्यांच्या इंग्रजी मसुद्याला साहेब हात लावत नसे, ते इथे उल्पानच्या बाकावर बसून 'हा टेबल आहे' एवढे म्हणायला अडखळत. दुकानात नेमका शब्द आठवला नाही की बोट दाखवत आणि उगाच हसत. मेंदूला काही झाले नव्हते. पण दहा वर्षांच्या मुलाला ते कसे कळावे? आम्ही त्याहून मोठे होतो तरी आम्हालाही, खरे सांगायचे तर, उशिराच कळले. मंडळातल्या एक निवृत्त परिचारिका म्हणाल्या की मेरी ॲनचे वर्णन त्यांना रुग्णालयातून ओळखीचे आहे: विस्मरण सुरू झालेला माणूस पहिली दोन वर्षे घरच्यांना फसवण्यात फार हुशारी खर्च करतो. लेखकांनी हे पात्र इतके बरोबर उभे केले आणि मग तिला स्वयंपाकघरात नि बाळंतपणात टाकून विसरून गेले, ही आमची पहिल्या भागाविषयीची मोठी तक्रार.

आता दुसरा भाग. साधारण मत असे आहे की पहिला भाग चटपटीत आणि दुसरा लांबलेला. लांबलेला आहे हे कबूल. दीडशे पाने सहज काढता येतील. तरीही आमच्या मते मालिका वाचायची ती याच्यासाठी. वीसेक वर्षे लोटली आहेत. बेटावर जन्मलेली मुले मोठी झाली आहेत आणि त्यांना समुद्रापलीकडचा मुख्य खंड खुणावतो. वडीलधारे म्हणतात, नाही. का नाही? कारण आम्ही ग्रेंडेल पाहिले आहेत. पण त्याखाली दुसरे कारण आहे आणि ते फार विचारपूर्वक योजलेले आहे. मोठ्यांपैकी कुणालाच खात्री नाही की आपला स्वतःचा मेंदू शाबूत आहे. ज्या अवयवाने निवाडा करायचा त्याच्यावरच संशय! म्हणून ते निर्णय घ्यायचे सोडून नियम करतात. नियमावर नियम, आणि शंका आली की माघार. मुले आपसांत म्हणतात, यांच्या डोक्यात बर्फ आहे. आधी थट्टेने, मग तिरस्काराने.

इथे आमच्या मंडळाची वयाप्रमाणे फाळणी झाली. साठीच्या वरचे सगळे मोठ्यांच्या बाजूने, आणि मागे भिंतीला टेकून मोबाइल बघणारी दोन-तीन पोरे एकाएकी बोलू लागली. एक मुलगा, नुकताच सैन्यातून सुटलेला, म्हणाला की आमच्या घरी कुठलीही गोष्ट विचारली की उत्तर येते, 'तुला माहीत नाही आम्ही काय भोगले'. आणि खरेच माहीत नाही, कारण काय भोगले ते कोणी सांगतच नाही. त्याच्या आजीने त्याच्याकडे असे पाहिले की आम्ही घाईने पुढचे प्रकरण उघडले.

त्या पुढच्या प्रकरणांत एक प्रसंग आहे. कॅडमनची मुलगी आणि तिचा नवरा मुख्य खंडावरच्या खाणीवर असताना मरतात. काही क्षणांत हाडेच उरतात. मागे त्यांचे तान्हे बाळ मात्र जिवंत सापडते, निळ्या दुपट्यात गुंडाळलेले. मारेकरी ग्रेंडेल नव्हेत. ती मधमाशीएवढी उडणारी जात आहे, रक्तात तेच ग्रेंडेलचे द्रव्य असलेली, आणि तो निळा रंग ती टाळते. मोठ्यांची भीती बरोबर होती, पण भीतीचे कारण चुकीचे होते. वीस वर्षे ते नदीकडे डोळे लावून बसले आणि मरण वाऱ्यावरून आले. मुलांची हौस चूक नव्हती, पण त्यांना काहीच ठाऊक नव्हते. दोन्ही पिढ्यांना सारखेच तोंडावर आपटणारा असा प्रसंग रचायला धैर्य लागते. आणि बाळाला वाचवणारा तो निळा कपडा ना नियमाने पुरवला होता ना बंडाने. आईच्या हाताशी होता म्हणून गुंडाळला, एवढेच.

आणि मग लेखकांनी काय करावे? बंडखोर मुलांचा पुढारी ॲरन हा गोठवलेल्या भ्रूणातून यंत्राच्या गर्भाशयात वाढवलेला, ज्याला आई नाही, बाप नाही, सगळी वसाहतच पालक. हा सुरुवातीला विलक्षण उभा राहतो. तो म्हणतो, आम्ही पृथ्वीची माणसे नाही, आम्ही इथली. यात खोटे काय आहे? इथे जन्मलेल्या आमच्या मुलांनी वेगळे काय म्हटले? पण लेखक त्याला हळूहळू काळा रंग फासत नेतात आणि शेवटी त्याच्या हातून रक्त सांडवतात. कुणाचे ते लिहीत नाही. ज्यांना वाचायचे आहे त्यांचा विरस नको. आमची हरकत अशी की असे केले की प्रश्नच रद्द होतो. मुलगा खुनी निघाला, म्हणजे बापाला उत्तर द्यायची गरज उरली नाही. ॲरन सरळ मनाचा राहिला असता, आणि तरीही बापाशी त्याचे जमले नसते, तर ही कादंबरी मोठी झाली असती. क्रेनवाल्या गृहस्थांना हा शेवट बरोबर वाटतो; आईच्या कुशीशिवाय वाढलेले मूल असेच होणार, असे त्यांचे म्हणणे. किबुत्झच्या बालगृहात वाढलेली दोन माणसे आमच्या शेजारी राहतात. त्यांच्यापुढे हे मत मांडून पाहावे असे आम्ही त्यांना सुचवले आहे.

एक गोष्ट लेखकांच्या बाजूने जरूर सांगू. या भागात एक म्हातारी ग्रेंडेल आहे. मेंदूत शिरलेल्या एका परजीवीमुळे तिला विचार करता येऊ लागला आहे, आणि काही प्रकरणे तिच्या नजरेने लिहिली आहेत. ती माणसांकडे दुरून पाहते आणि त्यांच्या चाली समजून घेते. बर्फाने माणसांची बुद्धी गेली आणि किड्याने श्वापदाला बुद्धी आली. मंडळातल्या पोरांना सबंध मालिकेत हीच सर्वांत आवडली, आणि आम्हालाही.

तिघांनी मिळून लिहिल्याचे काय, असे पुष्कळांनी विचारले. कोणी काय लिहिले हे ओळखता येते का? निव्हन कल्पनांसाठी प्रसिद्ध, पुर्नेल लष्कर नि राजकारणासाठी. दोघांनी आधी 'द मोट इन गॉड्स आय' ही नावाजलेली कादंबरी 1974 मध्ये मिळून लिहिली होती. बार्न्स वयाने सर्वांत लहान आणि माणसे रंगवण्यात त्याचा हात आहे. म्हणून ग्रेंडेलचे शरीर निव्हनचे, कॅडमनची भाषणे पुर्नेलची आणि मेरी ॲन बार्न्सची, असे मनात येते. पण हा सगळा अंदाज. मलिदा ताटात आल्यावर पोहे कोणी भिजवले, नारळ कोणी खवला हे कोण सांगणार? गूळ जास्त पडला एवढे मात्र जिभेला कळते, आणि इथे भाषणांचा गूळ जास्त पडला आहे.

2020 च्या भागाबद्दल फार लिहीत नाही. निळ्या दुपट्यातले बाळ आता तरुण आहे, पृथ्वीकडून दुसरे एक यान येते, त्यातली कडव्या शिस्तीची माणसे ग्रहावर हक्क सांगू लागतात. आधी आलेले आणि मागाहून आलेले, ही ओळ आम्हा सर्वांच्या परिचयाची आणि तिच्यातून खूप काही निघाले असते. पण समुद्रातले नवे प्राणी, नवी पात्रे, नवे कट यांची इतकी गर्दी केली आहे की एक ना धड, भाराभर चिंध्या. आम्ही तो भाग दोन बुधवारांत उरकला आणि कोणी तक्रार केली नाही. पेणच्या बाईंनी तेवढे विचारले की ती पहिली म्हातारी माणसे आता कुठे आहेत. थोडीच उरली आहेत, असे आम्ही सांगितले. "मग आधीचे कोण सांगणार त्यांना?" असे म्हणून त्या चपला शोधू लागल्या.

पहिला भाग मंडळाच्या कपाटात आहे, ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी न्यावा. दुसरा भाग सध्या त्या सैन्यातून सुटलेल्या मुलाकडे आहे. एका आठवड्यासाठी नेला होता, आता दीड महिना झाला. त्याची आजी म्हणते की तो रात्री स्वयंपाकघरात बसून तिला त्यातले वाचून दाखवतो, अर्धे हिब्रूत, अर्धे मोडक्या मराठीत, आणि त्या बुधवारच्या बोलण्याविषयी दोघेही अजून काही बोललेले नाहीत. पुस्तक परत मागायची आम्हाला घाई नाही.